मास्क चेहऱ्यावर टिकायचा तर
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

धुळीत काम करणाऱ्या वाचकांची वापरून टाकायच्या मास्कबद्दल बरीच पत्रं आली. एन-95 किंवा एफएफपी2 असं छापलेले, रबरी पट्ट्यांचे मास्क म्हणतोय आम्ही. रुमाल, कापडी मास्क आणि दवाखान्यातला निळा सर्जिकल मास्क यांचा विचार इथे नाही, कारण बारीक धूळ त्यांच्या कडांनी सरळ आत जाते. बहुतेक पत्रांतली तक्रार एकच आहे: मास्क मिळतो, पण तो घालून काम होत नाही. औद्योगिक आरोग्य आणि सुरक्षेचं काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : खडी क्रशरवर कामाला आहे. एप्रिल-मेमध्ये मास्क घातला की थोड्याच वेळात आत घाम साचतो आणि श्वास पुरत नाही. मग सगळेच तो हनुवटीवर ओढून ठेवतात. व्हॉल्व्हचा मास्क घेतला तर फरक पडेल का? (क्रशर ऑपरेटर, जालना जिल्हा)

पडेल, पण अर्धाच. व्हॉल्व्ह फक्त श्वास सोडताना उघडतो. आतली गरम, दमट हवा झटकन बाहेर पडते, त्यामुळे ओठांभोवतीचा उकाडा आणि ओल नक्की कमी होते. हा फायदा लहान नाही. ‘श्वास पुरत नाही’ असं वाटण्यामागे बऱ्याचदा चेहऱ्याला लागणारी ती गरम वाफच असते. श्वास घेताना मात्र व्हॉल्व्ह बंद असतो आणि हवा गाळणीच्या थरातूनच येते. तो अडथळा व्हॉल्व्हने कमी होत नाही.

आत घेतानाचा अडथळा कमी हवा असेल तर मास्कचा वर्ग बघा. ईएन 149 या युरोपीय मानकानुसार मिनिटाला 95 लिटर हवा ओढली असता एफएफपी1 ला 2.1, एफएफपी2 ला 2.4 आणि एफएफपी3 ला 3.0 मिलिबारपर्यंत अडथळ्याची मुभा आहे. आपल्या आयएस 9473 या भारतीय मानकातही हेच तीन वर्ग आहेत. म्हणजे गरज नसताना ‘सगळ्यात भारीतला द्या’ म्हणून एफएफपी3 घेतला, तर दिवसभर जास्त जोर लावून श्वास घ्यावा लागतो आणि दुपारपर्यंत मास्क गळ्यात येतो.

गरज कशी ठरवायची? धुळीत मोकळी सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, किती आहे त्यावरून. आपल्याकडच्या काळ्या दगडात ती कमी असते. ग्रॅनाइट, वालुकाश्म, क्वार्ट्झाइट किंवा कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातल्यासारखी सिलिका वाळू असेल तर ती भरपूर असते. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या दुसऱ्या परिशिष्टात श्वसनीय, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक धुळीच्या मर्यादेचं सूत्र दिलं होतं: क्वार्ट्झच्या टक्क्यांत 2 मिळवा आणि त्या बेरजेने 10 ला भागा. उत्तर येतं ते घनमीटरला मिलिग्रॅममध्ये. क्वार्ट्झ 3 टक्के असेल तर मर्यादा 2 मिलिग्रॅम, 30 टक्के असेल तर जेमतेम 0.31. डोळ्यांना दोन्ही धुळी सारख्याच दिसतात. म्हणून हवेची मोजणी मालकाकडून करून घ्या आणि वर्ग त्यावरून ठरवा. काळ्या दगडाच्या क्रशरवर पाणी मारलं जात असेल तर बहुतेक कामांना एफएफपी2 किंवा एन-95 पुरतो.

आता आकार. वाटीसारखा घट्ट कवचाचा मास्क ओठांपासून लांब राहतो आणि श्वास ओढताना आत चेपत नाही. घडीचा चपटा मास्क खिशाला सोयीचा, पण साधा दोन पदरी असेल तर घामाने मऊ पडून तोंडाला चिकटतो, आणि चिकटला की श्वास आणखी जड होतो. नाकाकडचा, मधला आणि हनुवटीचा असे तीन पदर असलेला घडीचा मास्क बोलताना जागचा हलत नाही. उन्हाळ्यात आमची पसंती व्हॉल्व्हची वाटी किंवा व्हॉल्व्हचा तीन पदरी, या दोहोंना.

आणि ओला झालेला मास्क बदला. घामाने भिजलेल्या थरातून हवा कमी जाते आणि ती मग कडांतून वाट काढते. एका पाळीला एकच मास्क हा हिशोब मे महिन्यात चालत नाही. जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक, असे निदान दोन द्यायलाच हवेत.

हनुवटीवर ओढण्याचं गणित एकदा मांडून बघा. नीट बसलेला एन-95 धूळ साधारण दहा पटीने कमी करतो असं धरतात. आठ तास सलग घातला तर फुप्फुसात जाणारी धूळ दहा टक्क्यांवर येते. त्यातला एक तास काढून ठेवला, तर उरलेल्या सात तासांचे 0.7 आणि त्या उघड्या तासाचा 1, मिळून 1.7, आठाने भागलं की 21 टक्के. एका तासाने आत जाणारी धूळ दुप्पट झाली. शिवाय हनुवटीवर असताना मानेवरची धूळ मास्कच्या आतल्या बाजूला बसते आणि पुन्हा वर घेतला की तीच नाकात जाते. दम लागला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धुळीबाहेर जा, मास्क पूर्ण काढा, पाणी प्या, तोंड पुसा आणि परत घाला. मुकादमाने दर तासा-दीड तासाला अशी पाच मिनिटं दिली तर मास्क चेहऱ्यावर राहतो. नाही दिली तर कितीही महागाचा आणा, तो गळ्यातच दिसेल.

मास्क हा शेवटचा उपाय आहे, हेही मालकाला ऐकवा. क्रशरच्या जबड्याच्या तोंडाशी, चाळणीवर आणि पट्टा जिथे खडी टाकतो तिथे पाण्याचे फवारे सुरू असले, तर तुम्हाला हलका मास्क पुरेल.

प्रश्न : फरशी कापताना चष्म्यावर वाफ धरते, रेघ दिसत नाही. (फरशी कारागीर, ठाणे)

वाफ वर येते म्हणजे नाकापाशी मास्क उघडा आहे, आणि तिथून वाफ बाहेर येते तशी धूळ आत जाते. चष्म्याला साबण चोळण्याआधी नाकाची पट्टी बसवा. बहुतेक जण ती एका हाताच्या चिमटीत दाबतात. त्याने पट्टीला मधोमध टोक येतं आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं मधोमध ठेवा आणि दाबत दाबत गालांकडे न्या, म्हणजे पट्टी नाकाच्या उतारावर बसते. चष्मा सगळ्यात शेवटी, मास्कच्या वरून घाला. त्याच्या काड्या किंवा नाकाचे टेकू मास्कच्या कडेखाली अडकले तर फट परत पडते.

आणि कटरला पाणी लावा. हातातल्या कटरला मिनिटाला निदान अर्धा लिटर पाणी पात्यावर सतत पडायला हवं, बाटलीतून अधूनमधून ओतलेलं नाही. विजेचा कटर असेल तर तो पाण्यासाठीच बनवलेला आणि गळती रोखणाऱ्या आरसीसीबीवर जोडलेला हवा. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतणं जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : मी ठेकेदार आहे. कानात अडकवायचे केएन-95, म्हणजे चिनी मानकाचे मास्क, घाऊकमध्ये स्वस्त मिळतात आणि पोरांनाही तेच बरे वाटतात. डोक्यामागून जाणारे पट्टे त्यांना नको असतात. तेच दिले तर काय बिघडलं? (पुणे)

बरे वाटतात, कारण ते चेहऱ्याला घट्ट बसत नाहीत. कान मऊ असतात. मास्क चेहऱ्यावर दाबून धरायला लागणारा ताण कानांनी सोसवत नाही. म्हणून कानातल्या दोऱ्या सैलच ठेवलेल्या असतात आणि हनुवटी व गालांपाशी जागा राहते. डोक्याचे दोन पट्टे हा ताण कवटीवर आणि मानेवर वाटून घेतात. अमेरिकेच्या नायोश या संस्थेची मान्यता असलेल्या एन-95 ला कानातल्या दोऱ्या नसतात. ‘नायोश’ छापलेला आणि कानात अडकवायचा मास्क दिसला, तर तो बनावट समजा.

पोरांना पट्टे नको असतात त्याचं कारण बहुधा ते चुकीच्या जागी असतात. वरचा पट्टा कानांच्या वरून डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालचा कानांखालून मानेवर. दोन्ही एकमेकांवरून फुलीसारखे नेऊ नका. त्याने मास्कच्या कडा बाजूंना दुमडतात. दोन्ही पट्टे एकाच जागी मानेवर घेतले तर मास्क खाली घसरतो आणि मग तो सावरायला सारखा हात लागतो. हेल्मेट असेल तर आधी मास्क, वरचा पट्टा केसांवर सपाट आणि मग हेल्मेट. टोपीवरून पट्टा नेला की टोपी काढताना मास्कही निघतो.

घातल्यावर दहा सेकंदांची चाचणी करायला लावा. व्हॉल्व्ह नसेल तर दोन्ही तळहातांनी मास्क झाका आणि जोरात श्वास सोडा; नाकाशी किंवा डोळ्यांकडे वारा लागला तर पट्टी परत बसवा, गालाकडे लागला तर पट्टे सरकवा. व्हॉल्व्ह असेल तर श्वास आत ओढा. मास्क किंचित आत ओढला गेला तर ठीक, आणि एखाद्या जागी गार वाटलं तर तिथे गळती आहे.

खरेदी करताना आयएसआय खूण, त्यासोबत आयएस 9473 आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो. नायोशच्या मास्कवर टीसी-84ए ने सुरू होणारा क्रमांक असतो. नुसतं ‘एन-95’ एवढंच छापलं असेल तर पैसे देऊ नका.

प्रश्न : हळदीच्या कारखान्यात आम्ही बायका पॉलिश आणि पॅकिंगला असतो. मास्क सगळे एकाच मापाचे येतात. आमच्या डोळ्यांपर्यंत चढतात आणि हनुवटीखाली मोकळे राहतात. पट्टा अंबाड्यावरून घसरतो. (सांगली)

दोष तुमच्या चेहऱ्यांचा नाही, खरेदीचा आहे. चांगल्या कंपन्या लहान मापही बनवतात, पण मागितल्याशिवाय दुकानदार ते ठेवत नाही. मास्कची वरची कड नाकाच्या हाडावर आणि खालची कड हनुवटीच्या खाली यायला हवी. तोंड पूर्ण उघडल्यावर खालची कड हनुवटीवरून वर सरकली तर माप चुकलं. पट्ट्यांना गाठी मारून मोठा मास्क लहान होत नाही. पट्टा घट्ट होतो, पण वाटीला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून धूळ जाते. कारखान्याने प्रत्येक खरेदीत निदान दोन मापं आणि दोन आकार मागवावेत.

अंबाडा मानेवर खाली बांधला तर वरचा पट्टा त्याच्या वरून नीट बसतो आणि खालचा त्याच्या खालून जातो. पट्टे पदराच्या किंवा स्कार्फच्या आत, केसांवर हवेत; पदर सरकला तरी मास्क जागेवर राहील. कानातल्या रिंगा आणि मोठी नथ पट्ट्यात किंवा कडेत अडकते, ती काढूनच मास्क घाला.

प्रश्न : दाढी ठेवून मास्क चालतो का?

नाही. दोन दिवसांचे खुंटही कडेखाली फट पाडतात. मिशी मास्कच्या आत मावत असेल तर हरकत नाही. दाढी धर्मामुळे किंवा त्वचेच्या आजारामुळे ठेवावी लागत असेल तर बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा देणारा सैल हूड हा पर्याय आहे. तो महाग असतो आणि मालकाने द्यायचा असतो.

प्रश्न : मास्क साबणाने धुवून, उन्हात वाळवून परत वापरतो. काहीजण कॉम्प्रेसरच्या हवेने झटकतात. किती वेळा चालेल? (फर्निचर कारखाना, नाशिक)

एकदाही नाही. या मास्कमधला मधला थर पॉलिप्रॉपिलीनच्या अतिशय बारीक तंतूंचा असतो आणि त्या तंतूंवर स्थिर विद्युतभार बसवलेला असतो. कणांना ओढून धरायचं मोठं काम हा भार करतो. म्हणूनच थर विरळ ठेवता येतो आणि श्वास सोपा राहतो. साबण, सॅनिटायझर किंवा स्पिरिट लागलं की भार उतरतो. मास्क दिसायला स्वच्छ, श्वासाला आणखी हलका, पण कण अडवायला निकामी. कॉम्प्रेसरच्या झोतात तंतू फाटतात आणि आत बसलेली धूळ पलीकडे, म्हणजे तुमच्या तोंडाच्या बाजूला जाते.

लाकडाची धूळ किरकोळ समजू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातली आहे. एमडीएफ घासताना ती सगळ्यात बारीक उडते.

टाकायचा कधी, तर श्वास जड वाटू लागला, पट्ट्याचा ताण गेला, नाकाची पट्टी मोडली, आतून मळला किंवा भिजला की लगेच. धूळ साचत गेली तसा मास्क जास्त गाळतो, पण अडथळाही वाढतो. म्हणजे कामगाराला तो गळण्याआधी गुदमरवतो. भरपूर धुळीत एन जातीच्या मास्कला वापराचे आठ तास ही नायोशने सांगितलेली मर्यादा आहे. मास्कवर ‘एनआर’ छापलं असेल तर तो एकाच पाळीचा. चहाच्या सुट्टीत ठेवायचा तर नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि शर्टाच्या खिशात वाटी चेपते.

प्रश्न : नाकावर वळ उठतात, हनुवटीला घामोळ्या येतात. आत रुमाल ठेवला तर बरं वाटतं.

रुमाल, टिश्यू, टाल्कम पावडर, व्हॅसलीन, यातलं काहीच कडेखाली नको. कापडाच्या सुरकुत्यांतून हवा जाते आणि तेलकट चेहऱ्यावरून मास्क घसरतो. वळ पट्टे जास्त ताणल्याने येतो आणि पट्टे ताणावे लागतात ते माप चुकल्यामुळे. नाकापाशी आतून फोमची पट्टी असलेला प्रकार घेऊन बघा. दर सुट्टीत साध्या पाण्याने तोंड धुवा आणि चेहरा कोरडा करून मगच मास्क घाला. क्रीम लावायचं तर कामानंतर. पुरळ नेमकं रबर लागतं तिथेच उठत असेल तर लॅटेक्स नसलेल्या पट्ट्यांचा मास्क मागा.

प्रश्न : आमची फाउंड्री आहे. शेकआउट (वाळूचा साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं) आणि फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करणं) कामगारांसाठी मास्क निवडायचा आहे. पुरवठादारांचे नमुने ठेवले आहेत. बघून ठरवावं की आणखी काही पद्धत आहे? (सुरक्षा अधिकारी, कोल्हापूर)

बघून ठरवू नका आणि ऑफिसात बसून तर अजिबात नको. तीन-चार वेगवेगळ्या आकारांचे नमुने घ्या, लहान मापासकट. प्रत्येक कामगाराला त्यातला एक निवडून किमान पाच मिनिटं घालून बसू द्या. नाकावर कुठे टोचतो, गॉगल बसतो का, बोलता येतं का, ते त्यालाच सांगू द्या. त्याने स्वतः निवडलेला मास्क तो घालतो, हा अनुभव सगळीकडचा आहे.

मग सॅकरिनची, म्हणजे गोड चवीवरून गळती ओळखायची चाचणी करा. तिचा संच तयार मिळतो: पारदर्शक हूड, दोन फवारणी बल्ब, एक पातळ द्रावण आणि एक तीव्र द्रावण. चाचणीआधी पंधरा मिनिटं खाणं, तंबाखू, गुटखा बंद. साधं पाणी चालेल. कोल्हापुरात ही अट सांभाळणं हेच अर्धं काम आहे. आधी मास्कशिवाय हूड घालून पातळ द्रावणाचे दहा फवारे मारा. गोड लागलं तर त्याचा आकडा दहा. नाही तर वीस, नाही तर तीस. तिसालाही कळलं नाही तर त्या माणसाला कडू द्रावणाची चाचणी लागते.

मग चूळ भरून मास्क घालायला लावा, हूड चढवा आणि तीव्र द्रावणाचे तितकेच फवारे मारा. नंतर दर तीस सेकंदांनी त्याच्या निम्मे. एकेक मिनिट त्याने हे करायचं: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, मोठ्याने बोलणं, कमरेत वाकणं आणि पुन्हा साधा श्वास. मध्येच गोड लागलं तर मास्क गळतो. पट्टे आणि नाकपट्टी नीट करून थोड्या वेळाने पुन्हा, तरीही गोड लागलं तर दुसरा नमुना. वाकल्यावर गळती निघाली तर हनुवटीचा भाग बघा. फेटलिंगवाला दिवसभर वाकलेलाच असतो.

निकाल नावानिशी वहीत ठेवा आणि वर्षातून एकदा चाचणी परत घ्या. वजन बरंच वाढलं-घटलं किंवा कवळी बसवली तर त्याआधीही. एक सावधगिरी: वाळूच्या झोताने कास्टिंग साफ करण्याच्या कामाला यातला कोणताही मास्क पुरत नाही. तिथे बाहेरून हवा पुरवणारा हूडच लागतो, आणि वाळूऐवजी स्टीलचे शॉट वापरणं त्याहून शहाणपणाचं.

प्रश्न : जिनिंगमध्ये आहे. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की छाती आवळते, मंगळवारपासून कमी होते. मास्कमुळे होत असेल का? (यवतमाळ जिल्हा)

मास्कमुळे झालं असतं तर ते रोज झालं असतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं हे कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचं ओळखीचं लक्षण आहे. ते सुरुवातीला सोमवारपुरतंच असतं, धूळ चालू राहिली तर आठवडाभर पसरतं आणि पुढे कायमचं होऊ शकतं. मास्क सोडू नका, पण नुसत्या मास्कवर विसंबूही नका. डॉक्टरांकडे जाताना कामाचं स्वरूप आणि किती वर्षं करताय ते सांगा, आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री सोमवारी पाळी सुरू होण्याआधी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा करून घ्या. दोन आकड्यांतला फरक डॉक्टरांना लगेच कळतो.

प्रश्न : काळा, कार्बनचा थर असलेला मास्क घातला तर थिनरचा वास थांबेल का?

वास थोडा कमी होईल, वाफ थांबणार नाही. तो पातळ थर वेल्डिंगसारख्या कामात किरकोळ वासासाठी असतो. थिनर आणि फवारणीच्या रंगाला सेंद्रिय वाफेचं काडतूस आणि पुढे धूळगाळणी लावलेला रबरी अर्धमुखवटा लागतो. आणि बंद टाकी, धान्याची कोठी, गोबरगॅसचा खड्डा किंवा जुनी विहीर इथे कोणताही गाळणीचा मास्क घालून उतरू नका. मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही.